लाकडी खेळणी आणि मुलांचे फर्निचर निर्यात करताना: सुरक्षा प्रमाणनाचे टप्पे

सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळे असोत, भातुकलीचा संच असो किंवा एखाद्या लहान कारखान्यात बनलेले मुलांचे टेबल-खुर्ची असो, परदेशी खरेदीदाराला नमुना आवडला की पहिला प्रश्न किमतीचा येतो आणि दुसरा ‘टेस्ट रिपोर्ट आहे का?’ हा. अनेक लहान उत्पादक या दुसऱ्या प्रश्नाकडे शेवटची औपचारिकता म्हणून पाहतात. माल तयार करायचा, एक नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा आणि आलेला कागद बिलासोबत जोडायचा, अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात नमुना प्रयोगशाळेच्या दारात पोहोचतो तेव्हा त्याचा निकाल जवळजवळ ठरलेला असतो. तो ठरतो रंगाचा डबा विकत घेताना, चाकाची खुंटी किती खोल बसवायची हे पाहताना आणि खोक्यावर कोणते वय छापायचे याचा निर्णय घेताना. म्हणून पुढील मांडणी आराखड्यापासून सुरू होऊन बंदरापर्यंत जाते. उदाहरणे मुख्यतः लाकडी मालाची आणि बाजारपेठा मुख्यतः युरोपीय संघ व अमेरिका या घेतल्या आहेत.

आधी ठरवा: हे खेळणे आहे की फर्निचर?

युरोपीय संघाच्या कायद्यात १४ वर्षांखालील मुलांनी खेळण्यासाठी योजलेली कोणतीही वस्तू हे खेळणे ठरते, मग तिचा दुसरा काही उपयोग असला तरीही. बाहुलीची खुर्ची किंवा खेळातली ओटा-शेगडी ही उघडच खेळणी आहेत. मूल स्वतः बसून चित्र काढेल अशी साधी खुर्ची हे मात्र फर्निचर आहे. तिला खेळण्यांचा कायदा लागू होत नाही आणि तिच्यावर सीई चिन्ह (युरोपीय सुरक्षा नियम पाळल्याची खूण) लावणेही चुकीचे ठरते. अडचण मधल्या वस्तूंची होते. टेबलाच्या फळीवर ठोकळे बसवायच्या खाचा असतील किंवा खुर्चीच्या पाठीला फिरणारे रंगीत मणी असतील, तर त्या वस्तूत खेळ आला आणि तिला खेळण्याच्या कसोट्याही लागू होतात. अशा वस्तूसाठी दोन्ही बाजूंच्या चाचण्यांचा खर्च किमतीत धरावा, नाहीतर मणी काढून टाकावेत. माझा कल सहसा मणी काढण्याकडे असतो.

आपला पांगुळगाडा येथे चांगले उदाहरण ठरतो. मूल उभे राहून मागून ढकलते तो लाकडी गाडा खेळण्यात मोडतो. मुलाला मधोमध बसवायचा गोल वॉकर मात्र बालसंगोपनाचे साधन समजला जातो आणि त्याला युरोपात ईएन १२७३ हे स्वतंत्र मानक आहे. झोपाळा आणि घसरगुंडी यांचेही तसेच आहे. घरच्या अंगणासाठी असतील तर ईएन ७१ या खेळण्यांच्या युरोपीय मानकमालिकेतील ईएन ७१-८ हा भाग पाहावा लागतो. सार्वजनिक बागेसाठी असतील तर ती खेळणी राहत नाहीत आणि ईएन ११७६ ही मानकमालिका लागू होते. खोक्यावर ‘शोभेची वस्तू’ असे छापून या कायद्यातून सुटता येत नाही. वस्तू पाहून मूल तिच्याशी खेळेल असे वाटत असेल, तर तपासणी अधिकारी तिला खेळणेच मानतो.

याच टप्प्यावर सीमाशुल्काचा वर्गीकरण क्रमांकही निश्चित करावा. खेळणी ९५०३ या शीर्षकाखाली येतात, बसण्याचे फर्निचर ९४०१ आणि इतर फर्निचर ९४०३ या शीर्षकाखाली येते. चाचणी अहवालात ‘खेळणे’ आणि शिपिंग बिलात ‘फर्निचर’ अशी विसंगती राहिली, तर पलीकडच्या बंदरात माल अडकायला तेवढे कारण पुरते.

वय छापण्याआधी

तीन वर्षे ही यातली सर्वांत महत्त्वाची सीमा आहे. तीन वर्षांखालील मुलांसाठीच्या खेळण्यातून सुटा भाग निघता कामा नये आणि लहान भागाची व्याख्या एका साध्या नळकांड्याने केलेली आहे. त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर आणि तिरक्या तळामुळे खोली एका बाजूला २५.४, तर दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर असते. वस्तू किंवा तिचा तुटलेला तुकडा कोणत्याही बाजूने, न दाबता त्यात पूर्ण मावला, की तो लहान भाग ठरतो. हे नळकांडे विकत मिळते आणि ते कारखान्यात असलेच पाहिजे. भातुकलीतली पळी, डबीचे झाकण, लाकडी द्राक्षांचा एक मणी त्यात टाकून पाहिला, तर कितीतरी निर्णय प्रयोगशाळेचे शुल्क न भरता घेता येतात.

‘तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही’ असा इशारा छापून सुटका होईल, असा मोह येथे होतो. पण खुळखुळा, ओढण्याची गाडी किंवा एकात एक बसणारे मोठे गोल यांचा उपयोग कोणत्या वयाचे मूल करणार, हे उघड असते. युरोपीय नियम वस्तूच्या हेतूशी विसंगत इशाऱ्याला स्पष्ट मनाई करतो, आणि अमेरिकेतही उत्पादकाने छापलेल्या वयाबरोबर वस्तूचे रूप, तिची जाहिरात आणि ती सामान्यतः कोणत्या वयाची समजली जाते हेही पाहिले जाते.

कोणत्या देशाचा कोणता कायदा

युरोपीय संघात आज २००९/४८ हा खेळणी सुरक्षा निर्देश लागू आहे. त्याच्या जागी येणारा नवा नियम २०२५ मध्ये मंजूर झाला असून तो ऑगस्ट २०३० पासून प्रत्यक्ष लागू होईल. त्यात प्रत्येक खेळण्याला डिजिटल उत्पादन पासपोर्ट, म्हणजे वस्तूची माहिती देणारी डिजिटल नोंद, असेल आणि रसायनांवरील बंधने अधिक कडक होतील. सध्याच्या निर्देशाखाली उत्पादकापुढे दोन मार्ग आहेत. खेळण्यातील सर्व धोके ईएन ७१ मालिकेतील मान्य मानकांत येत असतील आणि ती मानके पूर्णपणे पाळली असतील, तर उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर अनुरूपतेची घोषणा करून सीई चिन्ह लावू शकतो. मानकात न बसणारे काही नवे असेल, तर अधिसूचित संस्थेकडून (या कामासाठी अधिकृत मान्यता मिळालेल्या तपासणी संस्थेकडून) नमुन्याची प्रकार-तपासणी करून घ्यावी लागते. साध्या लाकडी खेळण्याला पहिला मार्ग पुरतो. त्यामुळे ‘सीई सर्टिफिकेट काढून देतो’ असे सांगणाऱ्या मध्यस्थापासून सावध राहावे. सीई हे कोणी देण्याचे प्रमाणपत्र नाही. ती उत्पादकाने स्वतः घेतलेली आणि कागदपत्रांनी सिद्ध करायची जबाबदारी आहे.

अमेरिकेची रचना याच्या उलट आहे. तेथे २००८ च्या ग्राहक उत्पादन सुरक्षा सुधारणा कायद्यानुसार मुलांच्या उत्पादनाची चाचणी त्रयस्थ प्रयोगशाळेतच व्हावी लागते, आणि ती प्रयोगशाळा अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने त्या विशिष्ट चाचणीसाठी स्वीकारलेली असावी लागते. खेळण्यांचे बंधनकारक मानक एएसटीएम एफ९६३ हे असून त्याची २०२३ ची आवृत्ती एप्रिल २०२४ पासून लागू आहे. चाचणीच्या आधारे बाल उत्पादन प्रमाणपत्र तयार होते आणि आयात मालासाठी ते देण्याची कायदेशीर जबाबदारी अमेरिकन आयातदाराची असते. त्यातील माहिती माल येताना सीमाशुल्क यंत्रणेकडे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने भरण्याच्या बंधनाला ८ जुलै २०२६ ही तारीख ठरलेली आहे. त्यामुळे अहवाल माल निघण्याच्या आधी आणि अचूक द्यावा लागेल. ‘नंतर मेल करतो’ ही सवय येथे चालणार नाही.

ब्रिटनमध्ये यूकेसीए हे स्वतंत्र चिन्ह असले, तरी खेळण्यांवर सीई चिन्ह अजूनही स्वीकारले जाते; आयातदाराचा पत्ता मात्र ब्रिटनमधला लागतो. आखाती देशांत खेळण्यांसाठी जी-मार्क हे तिथले सुरक्षा चिन्ह लागते आणि सौदी अरेबियात माल पाठवण्यापूर्वी ‘साबेर’ या ऑनलाइन प्रणालीत नोंदणी करावी लागते. भारतात २०२१ पासून लागू असलेल्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने देशातील विक्रीसाठी आयएसआय चिन्ह बंधनकारक केले आहे. निर्यातीसाठीचा माल त्यातून वगळलेला आहे, पण निर्यातीतून उरलेला लॉट देशी बाजारात विकायचा झाला तर ती सवलत संपते. उलट, आयएस ९८७३ या भारतीय खेळणी-मानकाचा अहवाल हातात आहे म्हणून युरोप किंवा अमेरिकेचा खरेदीदार तो स्वीकारेल, असेही समजू नये.

रंग: इथेच सर्वाधिक नमुने अडकतात

युरोपीय मानकाचा ईएन ७१-३ हा भाग १९ मूलद्रव्यांचे स्थलांतर मोजतो. चाचणीची पद्धत समजून घेतली की तिचे तर्कशास्त्र कळते. खेळण्यावरचा रंग खरवडून काढतात, त्याची पूड सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात घालतात, ३७ अंश सेल्सिअस तापमानाला एक तास हलवतात, एक तास स्थिर ठेवतात आणि आम्लात किती धातू उतरला ते मोजतात. थोडक्यात, मुलाने रंगाचा पापुद्रा गिळल्यावर पोटात काय होईल याची ही प्रतिकृती आहे. खरवडलेल्या रंगासाठी शिशाची मर्यादा किलोग्रॅमला २३ मिलिग्रॅम आहे. अमेरिकेत रंगातील एकूण शिसे दहा लाखांत ९० भागांपेक्षा आणि इतर पोहोचण्याजोग्या भागांतील शिसे दहा लाखांत १०० भागांपेक्षा जास्त चालत नाही, शिवाय एएसटीएमच्या मानकात विरघळणाऱ्या आठ मूलद्रव्यांच्या वेगळ्या मर्यादा आहेत.

यातून खर्चाचा एक साधा नियम निघतो: प्रयोगशाळा सहसा प्रत्येक रंगछटेसाठी वेगळे शुल्क लावते. बारा रंगांचा फळांचा संच आणि पाच रंगांचा संच यांच्या चाचणीखर्चात म्हणूनच मोठा फरक पडतो. सगळ्या उत्पादनांसाठी एकच ठरावीक रंगसंच वापरला, एकाच पुरवठादाराकडून घेतला आणि अहवाल त्या रंगांवर बांधला, तर नवे खेळणे आणताना रंगांची चाचणी पुन्हा करावी लागेलच असे नाही. मुख्य म्हणजे ‘नॉन-टॉक्सिक’ असे लिहिलेला डबा हा पुरावा नव्हे. पुरवठादाराकडून सुरक्षा माहितीपत्रक, बॅच क्रमांक आणि त्या रंगाचा अहवाल लेखी मागावा.

पारंपरिक कामात धोका दोन ठिकाणी असतो. पहिला म्हणजे पिवळ्या, केशरी आणि लाल रंगद्रव्यांत शिसे किंवा क्रोमियम असण्याची शक्यता. दुसरा म्हणजे ऐन वेळी केलेली भर. हिरवा कमी पडला म्हणून कोपऱ्यावरच्या हार्डवेअर दुकानातून आणलेला अर्धा लिटर रंग, थिनर बदलणे, जुन्या ब्रशाने नवा रंग मारणे किंवा रस्त्याकडच्या लोखंडी गेटचा उरलेला रंग ‘फक्त तळाला’ लावणे, एवढ्याने अहवाल निरर्थक होतो. निर्यातीच्या मालासाठी रंगाचे डबे, ब्रश आणि भांडी वेगळ्या कपाटात कुलपाखाली ठेवावीत. हे जरा जास्त वाटेल, पण मला याहून स्वस्त विमा माहीत नाही. लाखेचे कातारी काम असेल तर लाखेच्या कांड्यांत घातलेली रंगद्रव्येही याच कसोटीला उतरावी लागतात. लाख नैसर्गिक आहे म्हणून तिच्यातला रंग आपोआप सुरक्षित ठरत नाही.

रंग न लावता, कोणतीही प्रक्रिया न केलेले खोडाचे लाकूड वापरले, तर अमेरिकेत शिसे आणि इतर जड मूलद्रव्यांच्या त्रयस्थ चाचणीतून सूट मिळते. पहिल्यांदाच निर्यात करणाऱ्याने अशा बिनरंगी, नीट घासलेल्या मालिकेपासून सुरुवात करण्याचा जरूर विचार करावा. प्लास्टिकचे किंवा मऊ विनाइलचे भाग असतील, तर थॅलेट नावाच्या रसायनांची ०.१ टक्का ही मर्यादा दोन्ही बाजारांत पाहावी लागते. नियंत्रित थॅलेटांची यादी मात्र दोन्हीकडे सारखी नाही.

ओढणे, पिळणे, आपटणे

यांत्रिक चाचण्यांत प्रयोगशाळा मुलासारखी वागते. ईएन ७१-१ नुसार सहा मिलिमीटरपेक्षा मोठा भाग ९० न्यूटन, म्हणजे साधारण नऊ किलो वजनाच्या जोराने ओढला जातो, पिळला जातो, आणि लहान मुलांचे खेळणे ८५० मिलिमीटर उंचीवरून पाच वेळा पाडले जाते. लाकडी गाडीचे चाक बसवणारी खुंटी नुसत्या गोंदावर असेल, तर पावसाळ्यात फुगलेले आणि नंतर युरोपातल्या कोरड्या, तापवलेल्या घरात आकसलेले लाकूड तिला सैल सोडते. म्हणून लाकूड नीट वाळवून आर्द्रतामापकाने तपासावे, खुंटी खोल बसवावी आणि तिचे डोके चाकाच्या भोकापेक्षा स्पष्टपणे मोठे ठेवावे. तुटल्यावर टोकदार फाक निघणारे लाकूड टाळावे. सावंतवाडीच्या कामातला पांगारा हलका आणि कोरायला सोपा असतो, पण त्याच्या बारीक दांड्या ओढण्याच्या चाचणीत टिकतात का, हे आधी तपासून घ्यावे.

बिजागरी ही वरवर क्षुल्लक, पण नापास होण्याची हमखास जागा आहे. खेळातल्या कपाटाच्या दाराला किंवा खेळण्यांच्या पेटीच्या झाकणाला असलेल्या फटीत ५ मिलिमीटरची सळई शिरत असेल, तर तेथे १२ मिलिमीटरचीही शिरली पाहिजे. अन्यथा बोट चिमटते. पेटीचे झाकण सोडल्यावर धाडकन पडता कामा नये, त्याला आधार देणारी यंत्रणा हवी. ओढण्याच्या खेळण्याची दोरी, तिची लांबी आणि तिचा फास होऊ शकतो का हेही पाहिले जाते. चुंबक किंवा बटन सेल वापरण्याचे शक्यतो टाळावे. ते गिळल्याने होणारी इजा गंभीर असते आणि त्यांचे नियम त्याच प्रमाणात कठोर आहेत.

ज्यावर मूल बसते किंवा उभे राहते अशा खेळण्यावर ५० किलो वजन ठेवतात, तीन वर्षांखालील मुलांच्या वस्तूवर २५ किलो. डोलणारा घोडा किंवा बसायची गाडी १० अंशांच्या उतारावरही उलटू नये, अशी अपेक्षा असते.

मुलांचे फर्निचर

फर्निचरला युरोपात सीई चिन्ह नाही, पण डिसेंबर २०२४ पासून सर्वसाधारण उत्पादन सुरक्षा नियम लागू आहे आणि सुरक्षितता दाखवण्यासाठी खरेदीदार वस्तूनुसार मानक मागतात: मुलांच्या बैठकीसाठी ईएन १७१९१, शाळेच्या टेबल-खुर्च्यांसाठी ईएन १७२९, पाळण्यासारख्या खाटांसाठी ईएन ७१६, दुमजली खाटांसाठी ईएन ७४७. अमेरिकेत मुलांच्या घडीच्या खुर्च्या, लहान मुलांच्या खाटा आणि कपडे ठेवण्याची कपाटे यांना स्वतंत्र बंधनकारक नियम आहेत. कपाटे अंगावर कोसळून मुले दगावल्याच्या घटनांनंतर २०२२ मध्ये तेथे त्यासाठी वेगळा कायदा झाला.

एमडीएफ, प्लायवूड किंवा पार्टिकल बोर्ड वापरले की फॉर्मल्डिहाइडचा, म्हणजे बोर्डाच्या गोंदातून हवेत सुटणाऱ्या घातक वायूचा, प्रश्न येतो. अमेरिकेत एमडीएफसाठी उत्सर्जनाची मर्यादा दहा लाखांत ०.११ भाग, पार्टिकल बोर्डासाठी ०.०९ आणि हार्डवूड प्लायवूडसाठी ०.०५ आहे, आणि बोर्ड मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्थेने प्रमाणित केलेला असावा लागतो. युरोपात ऑगस्ट २०२६ पासूनची मर्यादा फर्निचर व लाकडाधारित वस्तूंसाठी घनमीटरला ०.०६२ मिलिग्रॅम अशी ठरली आहे. बाजारात ‘ई-वन’ या उत्सर्जन-दर्जाचा म्हणून विकला जाणारा प्रत्येक बोर्ड यात बसेलच असे नाही. बोर्डाच्या बिलावर प्रमाणनाचा उल्लेख आणि लॉट क्रमांक छापून घ्यावा. तयार खुर्चीची चाचणी नापास झाल्यावर बोर्डवाल्याशी भांडण्यात अर्थ नसतो.

प्रयोगशाळेशी व्यवहार

प्रयोगशाळा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: आयएसओ १७०२५ (चाचणी प्रयोगशाळांच्या क्षमतेचे आंतरराष्ट्रीय मानक) ची मान्यता, त्या मान्यतेच्या व्याप्तीत आपली नेमकी चाचणी आहे का, आणि अमेरिकेसाठी आयोगाच्या संकेतस्थळावरील यादीत त्या शाखेचे नाव आहे का. एकाच कंपनीच्या एका शहरातील शाखेला मान्यता असते आणि दुसरीला नसते. अर्जात वस्तूचे वर्णन, वयोगट, बाजारपेठ, प्रत्येक भागाचे साहित्य आणि रंग लिहावा लागतो, छायाचित्रे जोडावी लागतात. रंगाच्या चाचणीला खरवडण्याजोगा पुरेसा रंग लागतो, म्हणून लहान खेळण्याचे अनेक नग किंवा तोच रंग दिलेल्या वेगळ्या पट्ट्या मागितल्या जातात. नमुना हातघाईने खास बनवू नये. प्रत्यक्ष उत्पादनातूनच काढावा. पूर्ण चाचणीआधी फक्त रंग आणि सुटे भाग यांची पूर्वतपासणी करून घेतली, तर मोठे शुल्क वाया जात नाही.

फाइल आणि लेबल

युरोपासाठीच्या तांत्रिक फाइलमध्ये वस्तूचे वर्णन आणि रेखाचित्रे, साहित्याची यादी व माहितीपत्रके, यांत्रिक, रासायनिक, ज्वलन, विद्युत, स्वच्छता आणि किरणोत्सर्ग अशा सर्व धोक्यांचे सुरक्षा मूल्यांकन, उत्पादन व साठवणुकीच्या जागांचे पत्ते, चाचणी अहवाल आणि अनुरूपतेची घोषणा असावी लागते. खेळणे बाजारात आणल्यापासून ही फाइल १० वर्षे जपायची असते. खरेदीदार आपल्या ब्रँडने माल विकणार असेल, तर कायद्याच्या दृष्टीने तोच उत्पादक ठरतो आणि फाइल त्याच्याकडे द्यावी लागते. हे करारातच लिहून घ्यावे. ऑनलाइन बाजारातून थेट युरोपीय ग्राहकाला विकणाऱ्या कारागिरालाही संघात पत्ता असलेला जबाबदार प्रतिनिधी नेमावाच लागतो.

सीई चिन्ह किमान ५ मिलिमीटर उंचीचे असावे. वस्तूवर किंवा खोक्यावर उत्पादक आणि आयातदार यांची नावे व पत्ते, तसेच बॅच क्रमांक लागतो, आणि इशारे त्या देशाच्या भाषेत लागतात. अमेरिकेसाठी वस्तूवर आणि वेष्टनावर शक्य तितके कायमस्वरूपी माग-लेबल लागते, ज्यातून उत्पादक, ठिकाण, काळ आणि बॅच कळेल. लाकडावर तापवलेल्या ठशाने ते उमटवणे टिकाऊ आणि स्वस्त पडते. प्रमाणपत्रामागच्या नोंदी तेथे पाच वर्षे ठेवाव्या लागतात.

लाकूड, पॅकिंग आणि बंदर

आयात-निर्यात कोड, बँकेच्या एडी कोडची (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकशाखेच्या क्रमांकाची) नोंद आणि निर्यात प्रोत्साहन परिषदेचे सदस्यत्व ही कामे चाचणी सुरू असतानाच उरकावीत. शिसवीचा वापर असेल तर अधिक काळजी घ्यावी, कारण ती प्रजाती आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्रजातींच्या यादीत, आहे. हस्तकला निर्यात प्रोत्साहन परिषदेच्या ‘वृक्ष’ योजनेतील प्रमाणपत्र त्यासाठी वापरले जाते. लाकडी फर्निचरसाठी युरोपच्या जंगलतोडविरोधी नियमाखालीही माहिती द्यावी लागणार आहे. त्याची अंमलबजावणी दोनदा पुढे गेली, तरी लाकूड कोणत्या वखारीतून आणि मुळात कोठून आले याच्या पावत्या आतापासून जमवाव्यात.

माल ज्या लाकडी पॅलेटवर किंवा क्रेटमध्ये जातो, त्याला आयएसपीएम १५ हा लाकडी पॅकिंगचा आंतरराष्ट्रीय नियम लागू होतो: लाकडाचा गाभा ५६ अंशांवर किमान ३० मिनिटे तापवलेला आणि गव्हाच्या लोंबीचे चिन्ह असलेला ठसा मारलेला हवा. खेळणी उत्तम, अहवाल चोख आणि पॅलेट बिनठशाची, म्हणून न्हावा शेवाहून गेलेला कंटेनर परदेशी बंदरात अडकू शकतो. पन्हाळीचे (कोरुगेटेड) खोके आणि प्लायवूडची पॅलेट वापरली तर हा प्रश्न उरत नाही.

पहिली खेप गेल्यानंतर

अमेरिकन नियमांनुसार उत्पादन चालू असेल तर सर्वसाधारणपणे वर्षातून किमान एकदा चाचणी पुन्हा करावी लागते, आणि रंग, गोंद, लाकूड, पुरवठादार किंवा आराखडा बदलला तर लगेच. त्यासाठी एक वही पुरेशी आहे: प्रत्येक बॅचसमोर रंगाच्या डब्यांचे क्रमांक, लाकडाची पावती, काम करणाऱ्यांची नावे आणि नगसंख्या लिहावी, शिवाय प्रत्येक बॅचचे दोन नग सीलबंद ठेवावेत. परदेशातून तक्रार आली तर कोणत्या बॅचचा माल परत मागवायचा, हे या वहीवरून ठरते. वही नसेल तर सगळाच माल परत मागवण्याची वेळ येते. युरोपीय संघाच्या ‘सेफ्टी गेट’ या संकेतस्थळावर धोकादायक ठरलेल्या वस्तूंची यादी दर आठवड्याला छायाचित्रांसह आणि कारणांसह येते. आपल्यासारखे लाकडी खेळणे तिच्यात दिसले, की ते नेमके कोणत्या कलमावर पडले हे पाहून आपल्या मालावर तीच चाचणी आधी करून घ्यावी.